घडवलेले कच्चे पाते मिलिंग मशीनवर पक्के कसे धरावे

खानदेशात लोहाराकडून पाते घडवून घेणे अजूनही अवघड नाही. रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात कोयते, विळे आणि सुऱ्या घडवणारे हात आहेत, आणि ट्रकच्या पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) पोलाद भंगारात मिळते. अडचण त्यापुढे येते. ते पाते घेऊन तुम्ही जळगाव, भुसावळ किंवा धुळ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या जॉबवर्कच्या दुकानात गेलात, की मशीनवरचा कारागीर ते उलटसुलट करून पाहतो आणि विचारतो, "हे धरायचं कुठं?" त्याचा प्रश्न रास्त असतो. बाजारातून आणलेल्या चौकोनी पट्टीला निदान दोन समोरासमोरच्या समांतर बाजू असतात. घणाखाली घडलेल्या पात्याला अशी एकही बाजू नसते. ते मुठीकडे जाड आणि टोकाकडे पातळ, पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ असते, मधे थोडे वाकलेले असते आणि बहुतेक वेळा किंचित पिळलेलेही असते.

हा लेख हाताने फीड द्यायच्या, म्हणजे टेबल हाताने सरकवायच्या, उभ्या मिलिंग मशीनवर असे पाते प्रथमच धरणाऱ्यांसाठी आहे. पुढील सर्व पायऱ्या एकाच गोष्टीवर उभ्या आहेत: पाते आवळण्याआधी ते कोणताही जोर न लावता स्थिर बसलेले असले पाहिजे. क्लॅम्प पात्याला जागेवर राखण्यासाठी असतो, सरळ करण्यासाठी नसतो. क्लॅम्पच्या जोरावर सरळ केलेले पाते मशीनवर सपाट निघते, आणि क्लॅम्प सोडताच पुन्हा आपल्या मूळ वाकाकडे जाते.

जवळ काय असावे

- २० मि.मी. जाडीची मऊ लोखंडाची प्लेट, पात्यापेक्षा सुमारे १०० मि.मी. लांब आणि १०० मि.मी. रुंद, दोन्ही बाजूंनी फेस केलेली (मशीनवर सपाट केलेली)
- टेबलाच्या स्लॉटला बसणारे टी-नट आणि स्टड (१४ मि.मी.च्या स्लॉटला एम १२ चे स्टड लागतात)
- पट्टी क्लॅम्प, स्टेप ब्लॉक (क्लॅम्पच्या मागच्या टोकाखाली ठेवायचा पायऱ्यांचा ठोकळा), जाड वॉशर
- एम ६ चा टॅप (भोकात आटे पाडणारे हत्यार), ५ मि.मी.चे ड्रिल, एम ६ चे ॲलन बोल्ट
- फिलर गेज (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा) आणि ०.०५ ते १ मि.मी. जाडीच्या पितळी शिम (फट भरायच्या पातळ चकत्या)
- स्टँडसह डायल इंडिकेटर (उंचीतला बारीक फरक दाखवणारे काट्याचे घड्याळ)
- नायलॉनचा किंवा तांब्याचा हातोडा, कानस, चुंबक, ब्रश
- गॅरेजमध्ये डेंटिंगसाठी वापरतात ती पुट्टी आणि तिचा हार्डनर
- डोळ्यांसाठी गॉगल

सरफेस प्लेट (तपासणीचा अचूक सपाट पाट) मिळाली तर उत्तम. ती नसेल तर फेस केलेली लोखंडी प्लेटच तपासणीला वापरावी.

१. लोहाराशी आधी बोला

पाते धरण्याचा निम्मा प्रश्न भट्टीवरच सुटू शकतो, म्हणून ही पायरी मी सर्वांत महत्त्वाची मानतो. लोहाराला तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. पहिली, टोक काढू नका, पाते शेवटपर्यंत पट्टीसारखे चौकोनी राहू द्या, कारण टोकाचा आकार मिलिंग झाल्यावर करवतीने आणि कानशीने सहज देता येतो. दुसरी, दोन्ही टोकांना २५ ते ३० मि.मी. लांबीचा जास्तीचा भाग ठेवा. या भागाला येथे मी कान म्हणतो. तिसरी, हे कान पात्याच्या तयार जाडीपेक्षा थोडे पातळ ठोका. पाते शेवटी ५ मि.मी. जाड हवे असेल, तर ते ७ मि.मी. जाड घडवून घ्यावे आणि कान ४ मि.मी.पर्यंत ठोकून घ्यावेत.

कान पातळ का, याचे उत्तर दुसरी बाजू करताना मिळते. कान जाड राहिले, तर पहिली बाजू घेतल्यानंतर ते त्या पृष्ठभागाच्या वर उभे राहतात, आणि पाते उलटल्यावर नुकतीच केलेली सपाट बाजू प्लेटला टेकतच नाही. पातळ कान दोन्ही वेळा प्लेटपासून अधांतरी राहतात. खालची जागा शिमने भरली की काम भागते.

टोक आधीच काढलेले, कान नसलेले पाते हाती असेल तर निराश होऊ नये. त्यासाठी पाचव्या पायरीतील पुट्टीची पद्धत आहे.

२. पाते नरम करा, खपली काढा, सरळ करा

पाट्याचे पोलाद आणि बेअरिंगचे ईएन ३१ पोलाद घडवल्यानंतर नुसत्या हवेतही काही प्रमाणात कडक होते. असे पाते कटर खात नाही, घासतो. घासणारा कटर पात्याला ढकलतो, आणि ढकललेले पाते क्लॅम्पमधून सुटते. म्हणजे नरम करणे हेसुद्धा धरण्याचेच काम आहे.

भट्टीत पाते चुंबक चिकटणे बंद होईपर्यंत, म्हणजे सुमारे ७७० अंश सेल्सिअसच्या थोडे वर, सर्वत्र सारखे तापवावे आणि लगेच कोरड्या राखेने किंवा कोरड्या चुन्याच्या भुकटीने भरलेल्या लोखंडी डब्यात पूर्ण पुरून रात्रभर ठेवावे. पातळ पाते राखेतही लवकर थंड होते, म्हणून त्याच्या दोन्ही अंगांना जाड लोखंडाचा एकेक लालभडक तुकडा पुरावा. त्याची उष्णता पात्याला हळू निववते. पावसाळ्यात राख दमट असते, ती आधी तव्यावर भाजून घ्यावी. सकाळी कानस लावून पाहावी. कानस भुकटी काढत सहज चालली तर पाते तयार आहे. कानस घसरली तर पुन्हा भट्टी. ईएन ३१ बाबत ही चाचणी टाळू नये, कारण नरम होण्यासाठी ते फार सावकाश निवावे लागते.

त्यानंतर भट्टीची काळी खपली काढावी. ही खपली लोखंडाच्या ऑक्साइडची असते, ती कठीण असते आणि एंड मिलची (टोकाने आणि बाजूने कापणाऱ्या कटरची) धार काही क्षणांत बोथट करते. पाते रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून, सकाळी तारेच्या ब्रशने घासून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, लगेच कोरडे करून तेल लावावे. घाई असेल तर ग्राइंडरवर फ्लॅप डिस्क लावूनही खपली निघते. खपली ठेवण्याचा दुसरा तोटा असा, की ती क्लॅम्पखाली चुरते आणि सकाळी घट्ट आवळलेला बोल्ट दुपारी सैल होतो.

सरळ करणे ऐरणीवरच करावे. वाक पाहण्यासाठी सरळ पट्टी पात्यावर उभी धरून उजेडाकडे पाहावे. पीळ पाहण्यासाठी पात्याच्या दोन्ही टोकांवर सारख्या उंचीच्या दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून एका पट्टीच्या कडेवरून दुसरीची कड पाहावी. कडा समांतर दिसल्या तर पीळ नाही. अर्धा मिलिमीटर वाक चालतो. दोन मिलिमीटर वाक मशीनवर काढण्याचा हट्ट धरू नये.

३. बैठकीची प्लेट तयार करा

पाते थेट मशीनच्या टेबलावर आवळू नये. टेबल हा मशीनचा जीव आहे आणि त्यावर कटर उतरला तर तो ओरखडा कायमचा राहतो. दुकानमालकाचा विश्वासही त्याच क्षणी संपतो. म्हणून मऊ लोखंडाची प्लेट मधे घ्यावी. कटर तिच्यात शिरला तरी नुकसान होत नाही.

प्लेटच्या चार कोपऱ्यांत १३ मि.मी.ची भोके पाडून ती एम १२ च्या स्टडने टेबलाला बांधावी. डायल इंडिकेटर स्पिंडलला (कटर धरून फिरणाऱ्या दांड्याला) लावून टेबल दोन्ही दिशांना फिरवावे. प्लेटच्या लांबीत काटा ०.०५ मि.मी.पेक्षा जास्त हलत असेल, तर प्लेटखाली कीस अडकला आहे का पाहावे. बहुधा तसेच असते. तरीही फरक राहिला तर प्लेट बांधलेल्या स्थितीतच तिच्यावरून एक हलका कट घ्यावा, म्हणजे ती त्या मशीनपुरती खरी होते.

मग प्लेटवर २५ मि.मी.च्या अंतराने ५ मि.मी.ची भोके पाडून एम ६ चा टॅप मारावा. एका बाजूला लांबीच्या दिशेने दोन आणि टोकाला एक, असे तीन पिन किंवा बोल्ट थांबे म्हणून उभे करावेत. त्यांची डोकी पात्याच्या तयार पृष्ठभागाच्या खाली राहतील इतकी बुटकी असावीत. कटरचा आडवा जोर या थांब्यांवर यायला हवा. क्लॅम्पची घट्ट पकड एकटी तो जोर पेलते असे समजणाऱ्यांची पाती सरकतात.

४. पाते टेकवा

या पायरीला जितका वेळ लागेल तितका द्यावा. प्लेट पुसून, तिच्यावरून उघडा तळहात हलकेच फिरवावा. डोळ्याला न दिसणारा किसाचा कण हाताला लागतो. नंतर पाते त्याची खोलगट बाजू खाली करून ठेवावे, म्हणजे ते दोन टोकांवर टेकते आणि मधे पोकळी राहते. उलटे ठेवले तर ते मधल्या फुगवट्यावर डुलते.

आता एका बोटाने पात्याचे चारही कोपरे आळीपाळीने दाबावेत. एखादा कोपरा दाबल्यावर समोरचा उचलला जात असेल, तर पाते तिरक्या दोन बिंदूंवर उभे आहे. उचललेल्या कोपऱ्याखाली फिलर गेजच्या पट्ट्या एकेक करून सरकवाव्यात. समजा ०.४० ची पट्टी सहज जाते आणि ०.४५ ची अडते. तर ०.४० ची एकच शिम एका कोपऱ्याखाली न घालता, ०.२० ची शिम त्या कोपऱ्याखाली आणि ०.२० ची तिरक्या समोरच्या कोपऱ्याखाली घालावी. अशाने पीळ दोन्ही टोकांत वाटला जातो आणि दोन्ही बाजूंनी सारखे धातू निघते. एकाच कोपऱ्याखाली सर्व शिम घातली तर एका टोकाला जाडी पुरत नाही.

डुलणे थांबल्यावर मधली पोकळी भरावी. जेथे जेथे क्लॅम्प येणार आहे तेथे, आणि त्याशिवाय दर ४० ते ५० मि.मी.वर, फिलर गेजने अंतर मोजून तेवढीच शिम घालावी. शिम सरकवताना किंचित घासली जावी, पण तिने पाते उचलले जाऊ नये. प्रत्येक शिम घातल्यानंतर चारही कोपरे पुन्हा दाबून पाहावेत, कारण नवी शिम जाड झाली तर पाते तिच्यावरच डुलू लागते.

शेवटी नायलॉनच्या हातोड्याने पात्यावर ठिकठिकाणी हलके टिचकावे. जेथे खाली आधार आहे तेथे आवाज बद्द आणि आखूड येतो. जेथे पोकळी आहे तेथे खणखण होते. आपले कान या आवाजाला फार लवकर सरावतात. खणखण ऐकू येणारी प्रत्येक जागा भरल्याशिवाय पान्याला हात लावू नये.

५. आकार वेडावाकडा असेल तर पुट्टीची बैठक

टोक काढलेले आणि धारेकडे उतरलेले पाते शिमने नीट बसत नाही, कारण शिम सपाट असते आणि पाते कोठेच सपाट नसते. अशा वेळी गॅरेजमधील पुट्टी कामी येते. प्लेटवर आणि पात्याच्या खालच्या बाजूला मेणाच्या पॉलिशचा किंवा ग्रीसचा अगदी पातळ थर द्यावा, म्हणजे पुट्टी चिकटून बसणार नाही. पाते आधी तीन शिमवर टेकवून त्याची उंची ठरवावी, मग ते उचलून मधे पुट्टीचे ढीग घालावेत आणि पाते पुन्हा त्या तीन शिमवर हलकेच दाबून बसवावे. बाजूने बाहेर आलेली पुट्टी पात्याच्या कडांना थोडी वर चढू द्यावी. ती कड आडवे सरकणेही काही अंशी रोखते.

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा पुट्टी फार लवकर धरते. हिवाळ्यात वापराल तेवढा हार्डनर त्या दिवसांत घातला, तर पाते बसवण्याआधीच ती घट्ट होते. उन्हाळ्यात हार्डनर कमी घ्यावा, पुट्टी थोडी थोडी कालवावी आणि शक्य तर हे काम सकाळी लवकर करावे. पुट्टी पूर्ण घट्ट झाल्याची खात्री नखाने दाबून करावी. एक गोष्ट लक्षात ठेवावी: पुट्टी केवळ आधार देते. धरण्याचे काम क्लॅम्प आणि थांबेच करतात.

६. आवळा

कान असलेल्या पात्याला प्रत्येक कानात ६.५ मि.मी.चे भोक पाडून, त्याखालची जागा शिमने भरून, एम ६ चा बोल्ट जाड वॉशरसह आवळावा. बोल्टखाली आधार नसेल तर कान वाकतो आणि त्यासोबत पातेही. दोन्ही बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे घट्ट करावेत.

कान नसतील तर पट्टी क्लॅम्प वापरावेत आणि त्यांच्याबाबत या चुका टाळाव्यात:

- स्टड पात्याजवळ असावा आणि मागचा ब्लॉक लांब. स्टड ब्लॉकजवळ गेला तर सगळा जोर ब्लॉकवर जातो आणि पात्यावर काहीच राहत नाही.
- पट्टीचे मागचे टोक पुढच्यापेक्षा किंचित उंच असावे, म्हणजे पट्टीचे नाक पात्यावर टेकते. मागचे टोक खाली असले तर पट्टी पात्याच्या कडेवर टेकते आणि पाते निसटते.
- प्रत्येक क्लॅम्पच्या थेट खाली शिम किंवा पुट्टीचा आधार असावा.
- क्लॅम्प किमान दोन असावेत.

पट्टीखालचा भाग कापता येत नाही, म्हणून क्लॅम्प हलवावे लागतात. त्या वेळी आधी नवा क्लॅम्प मोकळ्या जागेवर पूर्ण आवळावा आणि मगच जुना सोडावा. दोन्ही एकदम सोडले तर पाते पुन्हा त्याच जागी येत नाही, आणि पृष्ठभागावर पायरी पडते.

आवळून झाल्यावर डायलचा काटा पात्याच्या मध्यावर टेकवून शून्य करावा आणि एक क्लॅम्प सैल करून पाहावा. काटा ०.०५ मि.मी.पेक्षा जास्त हलला, तर पाते बसलेले नव्हते, दाबलेले होते. चौथ्या पायरीकडे परत जावे. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि पूर्ण दिवसाचे काम वाचवते.

७. पहिला कट

उजव्या पिळाचा साधा एंड मिल कापताना धातूला वर ओढतो. जाड जॉबला त्याने काही होत नाही. पातळ पाते मात्र मधे आधार वा क्लॅम्प नसेल तेथे उचलले जाते, कटर जास्त खातो, आणि पाते थरथरू लागते. त्यामुळे सपाट बाजू घेण्यासाठी मोठा एंड मिल टाळून फ्लाय कटर (एकाच दाताचा रुंद फिरणारा कटर) किंवा इन्सर्टचा (बदलत्या दातांचा) फेस मिल मिळाला तर तो घ्यावा. एंड मिलच वापरायचा असेल तर तो ड्रिल चकमध्ये नव्हे, कोलेटमध्येच (कटर सर्व बाजूंनी आवळणाऱ्या बाहीत) धरावा.

एचएसएस (हायस्पीड स्टीलच्या) कटरला नरम केलेल्या अशा पोलादावर मिनिटाला १५ ते २० मीटर इतका वेग पुरतो. म्हणजे १० मि.मी.च्या कटरला सुमारे ५७० फेरे आणि १६ मि.मी.च्या कटरला सुमारे ३५० फेरे. पहिला कट ०.५ मि.मी. खोल घ्यावा, म्हणजे कटरचे दात उरलेल्या खपलीच्या खालून जातील. ०.१ मि.मी.चा घाबरत घेतलेला पहिला कट कटरला थेट खपलीवर घासतो. नंतरचे कट ०.२ ते ०.३ मि.मी.चे असावेत.

फीडची दिशा कटरच्या फिरण्याच्या विरुद्ध ठेवावी. हाताने चालणाऱ्या जुन्या मशीनच्या स्क्रूमध्ये ढिलाई असते, आणि फिरण्याच्या दिशेने फीड दिल्यास कटर टेबलालाच स्वतःकडे ओढून घेतो. जोर थांब्यांकडे जाईल अशीच दिशा निवडावी. ज्या दिशेला टेबल हलवायचे नाही ती दिशा आणि क्विल (स्पिंडल वरखाली नेणारी नळी) लॉक करून टाकावेत.

कट चालू असताना आवाज बदलला की फीड थांबवावा, कटर वर घ्यावा आणि मशीन बंद करून बोल्ट तपासावेत. वीज गेली तरीही पहिले काम हेच: कटर जॉबमधून बाहेर काढणे आणि स्विच बंद करणे. स्टार्टरला नो-व्होल्ट कॉइल नसेल तर वीज आल्यावर मशीन आपोआप सुरू होते. अशा स्टार्टरच्या मशीनवर नवख्याने काम करू नये.

गळ्यातला बागायतदार रुमाल, उपरणे, सैल बाह्या, अंगठी आणि हातमोजे, यातले काहीही मशीनजवळ नको. कीस ब्रशनेच झाडावा. सुटलेले पाते कटरच्या फिरण्याच्या दिशेने भिरकावले जाते, म्हणून उभे राहण्याची जागा त्या रेषेबाहेर ठरवावी. धार काढणे शेवटचे काम आहे. मशीनवर येणारे पाते बोथटच असले पाहिजे.

८. पाते उलटा

पहिली बाजू एकदम पूर्ण मापाला आणू नये. एका बाजूचा धातू निघाला की आतला ताण बदलतो आणि पाते थोडे वाकते. नरम केलेले पातेही याला अपवाद नाही. म्हणून पहिल्या बाजूला ०.३ मि.मी. शिल्लक ठेवावे, पाते सोडून उलटावे, कडांचा बर (उरलेले धारदार कंगोरे) कानशीने काढावा आणि दुसरी बाजू घ्यावी. तीही तितकीच शिल्लक ठेवावी. मग पुन्हा उलटून दोन्ही बाजूंना शेवटचे हलके कट द्यावेत. प्रत्येक वेळी बोटाने कोपरे दाबणे, फिलर गेज फिरवणे आणि टिचकावणे नव्याने करावे. बाजू सपाट झाली आहे म्हणून ती टेकलीच असेल, असे गृहीत धरू नये.

दोन्ही बाजू खऱ्या झाल्यानंतर इतर मार्गही मोकळे होतात. प्लेटवर आणि पात्यावर मास्किंग टेप घट्ट चिकटवून दोन्ही टेपच्या मधे फेव्हिक्विक लावण्याची पद्धत हलक्या कटसाठी चांगली आहे आणि तिने संपूर्ण पृष्ठभाग मोकळा मिळतो. मात्र दोन्ही पृष्ठभाग थिनरने पुसलेले असावेत आणि कूलंट वापरू नये. सोनार दागिना लाखेवर बसवतात, तशी लाखही चालते. ती साधारण ७० ते ८० अंशांना मऊ होते, तेव्हा पाते हाताला कोमट लागले तरी थांबावे. चुंबकी चकचा सल्ला अनेक जण देतात. तो ग्राइंडिंगसाठी योग्य आहे, पण पातळ पात्यावर त्याची पकड कमी पडते आणि कटरच्या आडव्या जोराने पाते घसरते. नवख्यांनी मिलिंगसाठी तो वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

९. व्हाइस केव्हा वापरावा

व्हाइस आखूड कामांसाठी आहे: मुठीत जाणाऱ्या शेपटीचे खांदे काढणे, शेपटीच्या कडा सरळ करणे. १५० मि.मी.च्या जबड्यात ३०० मि.मी.चे पाते धरले की दोन्ही बाजूंना बाहेर लोंबणारा भाग थरथरतो. त्यासाठी १० मि.मी. जाडीच्या दोन पट्ट्यांच्या मधे पाते ठेवून ते तिघे एकत्र धरावेत. पट्ट्या कापायच्या जागेच्या जितक्या जवळ, तितका कट स्वच्छ.

पाठ आणि धार समांतर नसलेले पाते कडांवर धरायचे असेल, तर स्थिर जबड्याकडे पात्याची सरळ कड लावावी आणि सरकता जबडा व पाते यांच्या मधे १० ते १२ मि.मी.ची तांब्याची गोल सळई उभी ठेवावी. सळई एका रेषेवर टेकते, त्यामुळे पाते स्थिर जबड्याला पूर्ण चिकटते. खाली पॅरलल (सारख्या उंचीच्या आधारपट्ट्या) ठेवताना प्रत्येकाखाली कागदाचा तुकडा ठेवावा. आवळून, वरून हातोड्याने टिचकावल्यावर दोन्ही कागद ओढून निघत नसतील तर पाते बसले आहे.

१०. धारेचा उतार

उतार मशीनवर करायचा की बेल्टवर, हा प्रश्न नेहमी येतो. पहिली दोन-तीन पाती सपाट करण्यापुरतेच मशीन वापरावे आणि उतार कानशीने किंवा बेल्टवर द्यावा, हे बरे. तरीही करायचाच असेल तर हिशेब असा आहे. पाते ५ मि.मी. जाड, धारेवर १ मि.मी. शिल्लक ठेवायचे, म्हणजे प्रत्येक बाजूने २ मि.मी. काढायचे, आणि उताराची उंची ३० मि.मी. तर कोन सुमारे ३.८ अंश येतो. प्लेट १०० मि.मी. अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवून धारेकडच्या आधाराखाली पाठीकडच्यापेक्षा ६.६५ मि.मी. जास्त उंचीचे पॅकिंग दिले की तो कोन मिळतो आणि उताराचा पृष्ठभाग टेबलाला समांतर होतो. धारेची कड वर आणि पाठीची कड खाली आहे ना, हे कट घेण्याआधी पुन्हा पाहावे. उलट झाले तर पाठच कापली जाते.

पहिला उतार काढल्यावर पाते उलटले की धारेकडचा भाग २ मि.मी. अधांतरी राहतो. तो तसाच कापायला घेतला तर कटरखाली दबतो आणि धार लाटेसारखी वरखाली येते. त्या पाचरीएवढ्या पोकळीत पुट्टी भरावी, ती पूर्ण घट्ट होऊ द्यावी, आणि मगच दुसरा उतार ०.२ मि.मी.च्या कटांनी घ्यावा.

धारेवर एक मिलिमीटरच्या आसपास जाडी राहू द्यावी, कारण त्याहून पातळ धार पाणी देताना (कडक करण्यासाठी तापवून विझवताना) वाकडी होते किंवा तडकते. माप मिळाल्यावर कान हॅकसॉने कापावेत, टोकाचा आकार द्यावा, शेपटीची भोके पाडावीत आणि कडांवरच्या मिलिंगच्या आडव्या रेघा कानशीने लांबीच्या दिशेने पूर्ण काढाव्यात, कारण पाणी देताना तडा तेथूनच सुरू होतो. प्लेट धुऊन, तेल लावून, तिच्यावरचे थांबे न काढता कापडात गुंडाळून ठेवावी. पुढच्या पात्याला तिचा उपयोग होतो, आणि दुकानात ती दाखवली की मशीनवरचा कारागीर काम घ्यायला लवकर तयार होतो.